नवा कॅमेरा घरात आला. आता लेन्स कोणती, फिल्टर कोणता?

चांगला डिजिटल कॅमेरा घरात एका दिवसात येत नाही. कोणी पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला टाकलेले असतात, कोणा मुलीने शिकवणीचे पैसे जमवलेले असतात, तर कोणाच्या भावाने आखातातून पाठवलेले असतात. कॅमेरा हातात पडतो आणि त्याच काउंटरवर दुसरी यादी पुढे येते. यूव्ही फिल्टर लावून देऊ का? पुढे फिरवून बसवायचा वाइड कन्व्हर्टर आहे, टेली कन्व्हर्टर आहे, रंगीत फिल्टरांचा सेट आहे. एवढ्या पैशांचा कॅमेरा घेतला, मग थोडक्यासाठी कशाला मागे राहायचे, असे वाटून आपण होकार देतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा किंवा मुलगी सांगते, "अब्बा, या लेन्सने निकाहचे फोटो नीट येत नाहीत, दुसरी लेन्स लागेल."

ही मागणी हट्ट आहे की गरज, हे घरातल्या मोठ्यांना कळत नाही. आणि नेमकी कोणती लेन्स लागेल, हे बऱ्याचदा मागणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा लेख दोघांसाठी आहे.

सोबत आलेली लेन्स टाकाऊ नाही

नव्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ एमएमची झूम लेन्स मिळते. तिला किट लेन्स म्हणतात. १८ वर ठेवली तर समोरचा जास्तीत जास्त भाग फोटोत येतो, ५५ वर नेली तर समोरचे जवळ आल्यासारखे दिसते. दिवसाच्या उजेडात ही लेन्स चांगले काम करते. तिची अडचण उजेड कमी झाला की सुरू होते, आणि ती लेन्सवर लिहिलेलीच असते: एफ ३.५-५.६.

हा आकडा लेन्सच्या आतल्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राचा, म्हणजे अॅपर्चरचा. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि तितका उजेड जास्त. किट लेन्स १८ वर असताना एफ ३.५ पर्यंत उघडते, पण ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. म्हणजे हॉलमध्ये दूर बसलेल्या नवरीचा चेहरा जवळ आणायला जाल, तेव्हाच लेन्स उजेड कमी करते. कॅमेरा मग शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि फोटो हलतो. मुलगी तक्रार करते ती याचीच.

आधी मोजणी, मग खरेदी

दुसरी लेन्स घेण्यापूर्वी पहिल्या लेन्सने निदान ४००-५०० फोटो काढा. त्यात घरातले, बाहेरचे, ईदचे, एखाद्या वलिम्याचे, सगळे असू द्या. मग त्यातले आवडलेले ५० आणि बिघडलेले ५० निवडा. प्रत्येक डिजिटल फोटोसोबत त्याची माहिती साठवलेली असते: लेन्स किती एमएमवर होती, अॅपर्चर किती, शटरचा वेग किती, आयएसओ किती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर माहितीचे बटण दाबून किंवा संगणकावर फोटोचे गुणधर्म उघडून ती पाहता येते. वहीत चार रकाने आखून लिहून काढा. एका संध्याकाळचे काम आहे.

आवडलेले बरेचसे फोटो ५५ वरच असतील आणि तरीही माणसे लहान दिसत असतील, तर लांबचे जवळ आणणारी लेन्स हवी आहे. बरेचसे १८ वर असतील आणि तरी कोणी ना कोणी कडेला कापले जात असेल, तर जास्त रुंद पाहणारी हवी आहे. बिघडलेल्या फोटोंत शटरचा वेग १/१५, १/२० असा आणि आयएसओ ३२००, ६४०० असा दिसत असेल, तर उजेड जास्त घेणारी लेन्स हवी आहे. आणि वेग पुरेसा असूनही फोटो बिघडले असतील, तर फोकस कुठे धरायचा आणि कॅमेरा कसा स्थिर ठेवायचा, एवढे शिकले की भागेल. त्याला पैसे लागत नाहीत.

घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढणाऱ्यांची मोजणी बहुतेक वेळा तिसऱ्या निकालावर येते.

बायकांच्या बाजूचे फोटो आणि ट्यूबलाइटचा उजेड

आपल्या अनेक घरांत मेहंदीला किंवा निकाहच्या दिवशी बायकांच्या बाजूला बाहेरचा फोटोग्राफर येऊ देत नाहीत. तिथे कॅमेरा घरातल्याच एखाद्या मुलीच्या हाती असतो. नानीच्या हातात नवरीचा हात, फुफी आणि खाला एका ओळीत, रुखसतीच्या वेळचे चेहरे: हे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. शिवाय तिथला उजेड बहुधा छताच्या ट्यूबलाइटचा, आणि कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून मारला की चेहरे पांढरे आणि मागची भिंत काळी पडते.

अशा ठिकाणी झूम नसलेली, एफ १.८ ची लेन्स उपयोगी पडते. एफ १.८ वर लेन्स एफ ५.६ च्या सुमारे दहा पट उजेड आत घेते. किट लेन्सने आयएसओ ३२०० वर शटरचा वेग १/१५ मिळत असेल, तर त्याच जागी, त्याच आयएसओवर या लेन्सने १/१०० सहज मिळतो आणि थोडा उजेड शिल्लकही राहतो. १/१५ ला बोलणाऱ्या माणसाचा हात पुसट होतो, १/१०० ला बसलेली माणसे ठसठशीत येतात. बहुतेक कंपन्यांच्या यादीत ५० एमएम एफ १.८ ही सगळ्यांत स्वस्त लेन्सपैकी एक असते.

मात्र दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. पहिली, एफ १.८ वर फार थोडी खोली स्पष्ट येते. ५० एमएमच्या लेन्सने दोन मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर जेमतेम १०-१२ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट असतो. नवरीला खेटून, पण वीतभर मागे बसलेली बहीण पुसट येईल. म्हणून दोघी-तिघींचा फोटो असेल तर एफ २.८ किंवा ४, आणि तीन ओळींचा घरचा ग्रुप असेल तर एफ ५.६ किंवा ८ ठेवा. तेवढ्यासाठी ग्रुप दिवसाउजेडी गच्चीवर किंवा अंगणात घेतलेला बरा.

दुसरी गोष्ट दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. साध्या ट्यूबलाइटचा आणि अनेक स्वस्त एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. नवी लेन्स मिळाली म्हणून वेग १/५०० वर नेला, तर फोटोत आडवे काळपट पट्टे येतात किंवा एक फोटो पिवळा, दुसरा हिरवट येतो. अशा हॉलमध्ये वेग १/१०० किंवा १/५० वर ठेवा.

आणि लेन्सशी संबंध नसलेली, तरी सांगायला हवी अशी एक गोष्ट. बायकांच्या बाजूचे फोटो म्हणजे अमानत आहे. विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि विचारल्याशिवाय मोबाइलवर पुढे पाठवू नयेत. ज्या मुलीवर हा भरवसा बसतो तिला पुढच्या लग्नाला बोलावणे येते, आणि काहींसाठी हेच कमाईचे काम होते.

३५ की ५०?

सगळे ५० घेतात म्हणून आपणही ५० घ्यावी, असे नाही. खोली मोजून पाहा.

सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो, कॅननचा त्याहून किंचित लहान. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ होती. चौकट लहान असल्याने त्याच लेन्सने कमी भाग दिसतो. ५० एमएमची लेन्स अशा कॅमेऱ्यावर फिल्मच्या काळातल्या ७५ ते ८० एमएमसारखी वागते. भिंतीला पाठ लावून तीन मीटर अंतरावरून फोटो घेतला, तर ५० एमएमने सुमारे १.४ मीटर रुंदी मिळते: सोफ्यावर बसलेल्या दोघीच. ३५ एमएमने त्याच जागेवरून सुमारे २ मीटर मिळतात: तिघी-चौघी. १८ वर ठेवलेल्या किट लेन्सने सुमारे ३.९ मीटर, म्हणजे जवळजवळ पूर्ण भिंत.

तेव्हा मुंबई-ठाण्याच्या वन रूम किचनमध्ये किंवा चाळीच्या खोलीत फोटो काढायचे असतील, तर ३५ जास्त कामाची. एकेकट्या चेहऱ्याचे फोटो आवडत असतील, मोठे घर किंवा हॉल असेल, तर ५०. निकॉनच्या लहान सेन्सरच्या डीएसएलआरसाठी ३५ एमएम एफ १.८ जी ही लेन्स २००९ पासून आहे. कॅननच्या तशा कॅमेऱ्यासाठी चपटी २४ एमएम एफ २.८ मिळते. ती एफ १.८ इतका उजेड घेत नाही, पण खोलीत पुरेशी रुंद दिसते. निर्णय घेण्याआधी एक दिवस किट लेन्स ३५ वर ठेवा, झूमच्या कड्याला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ५० वर ठेवा. कोणत्या दिवशी अडल्यासारखे झाले, ते आपोआप कळेल.

लांबचे पाहणारी लेन्स

शाळेच्या स्नेहसंमेलनात मंचावरचा मुलगा, मैदानावरचे क्रिकेट, तळ्यावरचे पक्षी, यांसाठी ५५-२५० किंवा ७०-३०० असा झूम लागतो. लांबच्या लेन्सने हाताची थरथरही मोठी होऊन दिसते. जुना अंदाज असा, की लेन्स जितक्या एमएमची, निदान तितक्यावा भाग सेकंदाचा वेग हवा. लहान सेन्सरवर तो दीडपट धरा. म्हणजे २५० एमएमला सुमारे १/४०० सेकंद. लेन्समध्ये थरथर कमी करणारी सोय असेल तर कमी वेगातही स्थिर वस्तू नीट येते. पण धावणारा मुलगा त्या सोयीने थांबत नाही, त्याला वेगच लागतो. म्हणून ही लेन्स मुख्यतः दिवसाची.

१८-२०० सारखी एकच लेन्स सगळ्याला पुरते, असे दुकानात सांगतात. प्रवासात, बदलाबदल करायची नसेल तेव्हा, ती सोयीची आहे. पण ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये ती किट लेन्सपेक्षा काही जास्त उजेड घेत नाही. ज्या तक्रारीसाठी खर्च केला ती तक्रार तशीच राहते.

किट लेन्सच्या पुढे फिरवून बसवायचे स्वस्त वाइड आणि टेली कन्व्हर्टर मात्र घेऊच नका. कडा पुसट होतात आणि रंगांच्या रेघा दिसतात.

बसेल का, आणि फोकस करेल का?

लेन्स कॅमेऱ्यावर बसली म्हणजे ती पूर्ण काम करेल, असे नसते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही. जुनी एएफ-डी जातीची लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. तिथे स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्स घ्यावी. कॅननची ईएफ लेन्स लहान सेन्सरच्या डीएसएलआरवर चालते, पण ईएफ-एस लेन्स मोठ्या सेन्सरच्या डीएसएलआरवर बसत नाही.

आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस कॅमेरा घेतला असेल, तर जुन्या डीएसएलआरच्या लेन्स अॅडॅप्टर लावून वापरता येतात. याचे कारण साधे आहे. कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्सचे कडे आणि सेन्सर यांत ४४ मिलिमीटर अंतर असते, मिररलेसमध्ये २०. निकॉनमध्ये ते अनुक्रमे ४६.५ आणि १६ आहे. उरलेल्या जागेत अॅडॅप्टर बसतो. उलट, मिररलेसची लेन्स डीएसएलआरला चालत नाही, कारण तिथे जागाच उरत नाही. भावाने किंवा मामूंनी जुनी लेन्स देऊ केली, तर आधी एवढे तपासा.

फिल्टर: दोन कामाचे, एक प्रसंगापुरता

फिल्मच्या काळात पिवळ्या बल्बखाली रंग सुधारायला निळा फिल्टर लागायचा, ढगाळ दिवशी ऊब आणायला फिकट तांबूस. आता हे काम कॅमेऱ्यातली व्हाइट बॅलन्सची सोय करते. कृष्णधवल फोटोसाठी वापरायच्या पिवळ्या-लाल फिल्टरचे कामही नंतर संगणकावर होते. म्हणून रंगीत सेटवर खर्च करायचे कारण उरले नाही.

संगणकावर नंतर करता येत नाही असे काम करणारे फिल्टर मुख्यतः दोन. पहिला पोलरायझर. पाणी, काच, ओली पाने यांवरची चमक तो कापतो आणि निळे आकाश गडद करतो. धातूवरची चमक मात्र त्याने जात नाही. तो लेन्सवर बसवून फिरवायचा असतो. घेताना 'सर्क्युलर' जातीचाच घ्या. साध्या लिनिअर पोलरायझरने डीएसएलआरचा फोकस आणि उजेडाचे मोजमाप चुकू शकते.

आकाश सर्वांत गडद होते ते सूर्याशी काटकोनात. तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा काटकोनात ताठ करा आणि मनगट फिरवा. अंगठा आकाशात जिकडे जिकडे जाईल, तिथे पोलरायझर सगळ्यांत जास्त काम करेल. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे मुख्य प्रवेशद्वार दक्षिणेला आहे. तिथून आत येताना आपले तोंड उत्तरेकडे असते. सकाळचा सूर्य उजव्या हाताला, म्हणजे मकबऱ्यामागचे आकाश त्याच्याशी जवळजवळ काटकोनात. पांढरा घुमट आणि गडद निळे आकाश हवे असेल तर सकाळची वेळ गाठा. तिथे पांढरा भाग इतका असतो की कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट काढतो. एक्स्पोजर अर्ध्या ते एक स्टॉपने वाढवा. आणि लेन्स १८ वर असेल तर आकाशाचा एकच भाग गडद होऊन डाग पडल्यासारखे दिसते, तेव्हा फिल्टर पूर्ण फिरवू नका.

पोलरायझर एक ते दोन स्टॉप उजेड खातो. बाहेरून फिरून आल्यावर तो तसाच लेन्सवर ठेवून निकाहच्या हॉलमध्ये शिरलात, तर एफ १.८ च्या लेन्सने मिळवलेला बराचसा उजेड तिथेच गेला. घरात येताच तो काढा.

दुसरा फिल्टर एनडी. ही रंग न बदलणारी काळसर काच असते. भर दिवसा शटर अर्धा किंवा एक सेकंद उघडे ठेवायचे असेल, ठोसेघरचा धबधबा दुधाच्या धारेसारखा यायला हवा असेल, तर ती लागते. एनडी ८ तीन स्टॉप उजेड कमी करतो, एनडी ६४ सहा, एनडी १००० दहा. त्यासोबत ट्रायपॉड लागतोच. ज्यांना असे फोटो काढायचे नाहीत, त्यांना एनडीची गरज नाही.

आता दुकानदार सगळ्यांत आधी देतो तो यूव्ही. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच कंपनीनेच बसवलेली असते, त्यामुळे या फिल्टरने फोटो सुधारत नाही. त्याचा उपयोग काचेच्या रक्षणापुरता. राजापुरीहून होडीने जंजिऱ्याला जाताना अंगावर खारे पाणी उडते, किनाऱ्यावर वाळू उडते, घरात लहान मुलांची बोटे लागतात: तिथे लावा. पण रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीची रोषणाई टिपताना तो काढून ठेवा. स्वस्त काचेत दिव्यांचे प्रतिबिंब पडते आणि काळ्या आकाशात उलटे, हिरवट ठिपके येतात. एरवी, लेन्सपुढचे झाकणासारखे हूड धक्का झेलते आणि आडवा उजेडही अडवते.

प्रत्येक लेन्सचे तोंड वेगळे: कोणाचे ४९ मिलिमीटर, कोणाचे ५२, ५५, ५८. प्रत्येकासाठी पोलरायझर घेत बसू नका. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या तोंडाच्या लेन्ससाठी एकच चांगला घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग घ्या. ती साधी धातूची कडी असते आणि फिल्टरच्या मानाने फार स्वस्त पडते.

पावसाळा आणि बुरशी

कोकणात आणि मुंबईत लेन्सचा सर्वांत मोठा शत्रू दमट हवा. कपाटात कपड्यांमध्ये किंवा चामडी पिशवीत महिनोन्महिने पडलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि वाढली तर काचेचा लेप कायमचा खराब करते. रबराच्या कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४०-५० टक्क्यांच्या आसपास असावा. निळे दाणे गुलाबी झाले की ते बदला किंवा तापवून कोरडे करा. एसी हॉलमधून एकदम बाहेर आलात तर काचेवर दव धरते. कॅमेरा काही वेळ पिशवीतच बंद राहू द्या. काच आधी ब्लोअरच्या हवेने झटका, मगच मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसा. ओढणीच्या टोकाने पुसू नका, धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात.

जुनी लेन्स घ्यायची असेल, तर मुंबईच्या बोरा बाजारसारख्या ठिकाणी ती हातात घेऊन पाहता येते. एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा: जाळी, धुके किंवा ओरखडे दिसले तर परत ठेवा. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. आपल्याच कॅमेऱ्यावर लावून जवळचा आणि दूरचा फोकस करून पाहा. नवी घेताना भारतातले बिल आणि वॉरंटी मागा. बिलाशिवाय मिळणारी सूट पहिल्याच दुरुस्तीत संपते.

खर्चाचा क्रम

ज्या घरात नुकताच कॅमेरा आला आहे आणि हात आखडता आहे, तिथे क्रम असा ठेवावा. आधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल, कारण आहे ते टिकले पाहिजे. मग जादा बॅटरी आणि दुसरे मेमरी कार्ड, निकाहच्या मध्ये कॅमेरा बंद पडू नये म्हणून. मग मोजणीत ज्याची गरज दिसली ती एक लेन्स. प्रवास होत असेल तर पोलरायझर. बाकी सगळे पुढच्या वर्षी, किंवा कॅमेऱ्यानेच चार पैसे मिळवून दिल्यावर. आणि मुलीने वहीतले चार रकाने भरून समोर ठेवले असतील, तर तिच्या लेन्ससाठी पैसे द्यायला हरकत नाही.